जन्मतारखेचा रकाना

महाभारताच्या आदिपर्वांत अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. आपणांपैकीं पुष्कळांनीं ती लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. परंतु तिचा शेवटचा भाग आज्या बहुधा सांगत नाहींत, आणि तिचें खरें मर्म तर त्या शेवटांतच आहे. चोरांनीं लुटीचा माल मांडव्यांच्या आश्रमांत दडविला. ऋषि मौनव्रती, राजाच्या शिपायांस ते कांहींच बोलले नाहींत. राजानें चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविलें. तपाच्या बळावर ते जिवंत राहिले, पण सुळाचें टोंक अंगांत राहिलें तें राहिलेंच. पुढें त्यांनीं धर्मराजाच्या सभेंत जाऊन विचारलें, माझ्या कोणत्या पापाचें हें फळ? धर्म म्हणाला, बाळपणीं आपण एका किड्याच्या शेपटींत काडी खुपसली होती. तें ऐकून ऋषींनीं धर्मालाच शाप दिला कीं, एवढ्याशा अपराधास एवढा दंड करणारा तूं दासीच्या पोटीं जन्म घेशील. तोच विदुर. पण शाप देऊन ते थांबले नाहींत. चौदा वर्षांच्या आंत घडलेल्या कृत्याचें पातक लागणार नाहीं, अशी मर्यादाही त्यांनीं त्याच सभेंत घालून दिली.

न्यायाधीशासच न्यायासनावरून खालीं ओढून नवा नियम करणारा हा ऋषि मला नेहमींच फार मोठा वाटत आला आहे. पोरवयांत केलेल्या कृत्याचा जाब मोठ्यांच्या मापानें घ्यावा किंवा नाहीं, हा प्रश्न म्हणजे कालपरवां पश्चिमेकडून आलेलें खूळ आहे, अशी समजूत कित्येक सुशिक्षित कुटुंबांत दिसते; म्हणून हा आरंभ केला. आमच्या स्मृतींच्या टीकाकारांनींही सोळा वर्षांच्या आंतील मुलास प्रायश्चित्त अर्धेंच सांगितलें आहे. पांच वर्षांच्या आंतील बालकास तर पातकही नाहीं आणि राजदंडही नाहीं. आणि पांचांच्या पुढील व अकराच्या आंतील मुलाचें प्रायश्चित्त त्याच्या बापानें, भावानें किंवा अन्य आप्तानें आचरावें, अशी मोठी विचार करण्याजोगी व्यवस्था त्यांनीं केली आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचें आहे.

गेल्या पंधरवड्यांत आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें झाल्यावर हाच वाद निघाला. आमचें कुटुंब एकत्र. कोणताही विषय पुढें आला कीं त्याला चारी बाजूंनीं हात लागतात. निमित्त झालें पुण्याच्या एका अपघाताचें. मे २०२४ मध्यें कल्याणीनगर भागांत एका मोटारीच्या धडकेनें दोन तरुण जीव गेले, आणि ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याला जामीन देतांना तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हां गांवोगांव संताप उसळला होता. पुढें जुलै २०२५ मध्यें, ह्या मुलास सज्ञान समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानें नाकारली. आमच्या वहिनींना हें कांहीं केल्या पटत नव्हतें.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, मारणाऱ्याचें वय मोजायला एवढा कायदा बसला आहे, पण मेलेल्याचें वय कोण मोजतो? जिचा तरणाताठा मुलगा गेला, त्या माउलीनें 'पोर अजाण होतें' एवढ्यावर समाधान मानायचें का?"

माझा पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, "आई, तुझा राग खरा आहे. पण राग कोणत्या न्यायालयांत न्यायचा, हें रागानें ठरवूं नये, एवढ्याचसाठीं कायदा असतो."

"हा तुझा वकिली मुद्दा झाला," वहिनी म्हणाल्या. "मला मराठींत सांग."

त्यानें सांगितलें, आणि मी तें जन्माच्या शिक्षकी सवयीनें येथें क्रमवार मांडतों. कारण ह्या विषयावर तावातावानें बोलणारीं माणसें पुष्कळ असलीं, तरी कायदा काय म्हणतो हें ठाऊक असणारीं थोडीं.

पहिला प्रश्न, वय कोणत्या दिवसाचें धरावयाचें? समजा, सतराव्या वर्षीं एकाच्या हातून अपराध घडला, आणि तो पकडला गेला तिसाव्या वर्षीं. दाढीमिशा आलेला हा पुरुष मुलांच्या मंडळापुढें जाणार कीं मोठ्यांच्या न्यायालयांत? २००० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं असें ठरविलें होतें कीं, आरोपीस प्रथम न्यायासनापुढें उभें केलें त्या दिवसाचें वय धरावें. २००५ सालीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तें बदललें आणि अपराध घडला त्या दिवसाचें वय हेंच प्रमाण, असा निर्णय दिला. विचार केला तर हेंच न्याय्य आहे. नाहीं तर पोलिसांनीं मुलास पकडण्यास वा हजर करण्यास विलंब लावला, एवढ्यानेंच त्याचा पुरुष व्हावयाचा. आणि अपराध तोच असून दोन मुलांस दोन न्याय लागावयाचे. झाड आज केवढें आहे हें न पाहतां, वादळ आलें तेव्हां केवढें होतें हें पाहावें, असा हा नियम आहे.

दुसरा प्रश्न, मूल कोणत्या वयापर्यंत? येथें कायद्याची रेघ वेळोवेळीं सरकत आली आहे. सात वर्षांच्या आंत अपराध नाहींच, आणि सात ते बारा ह्या वयांत समज पुरी आली नसेल तर अपराध नाहीं, ही रेघ १८६० च्या दंडसंहितेंत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तीच कायम आहे. त्यापुढील मुलांसाठीं निराळें न्यायासन असावें, ही कल्पना १८९९ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत प्रथम मूर्त झाली. आपल्याकडे १९२० सालीं मद्रास, १९२२ सालीं बंगाल आणि १९२४ सालीं मुंबई ह्या इलाख्यांनीं मुलांचे स्वतंत्र कायदे केले. १९८६ मध्यें सर्व देशासाठीं कायदा झाला, त्यांत मुलगा सोळांपर्यंत आणि मुलगी अठरांपर्यंत बाल समजली जाई. २००० च्या कायद्यानें दोघांनाही अठराची मर्यादा लावली, आणि तो १ एप्रिल २००१ पासून अंमलांत आला. पुढें २००६ सालीं त्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, अपराधाच्या वेळीं मी अज्ञान होतों हें म्हणणें आरोपीस कोणत्याही टप्प्यावर, अगदीं शेवटचा निकाल लागून तो शिक्षा भोगीत असतांनाही, मांडतां येईल. आणि हें नवें माप २००१ पूर्वींच्या अपराधांसही लागेल, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं निःसंदिग्ध सांगितलें.

तिसरा टप्पा दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील भयंकर घटनेनंतरचा. त्या प्रकरणांतील एक आरोपी अठराच्या आंतला होता. त्याला कायद्यानें देतां येणारी मोठ्यांत मोठी म्हणजे तीन वर्षांची सुधारगृहाची आज्ञा झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्यें तो बाहेर आला. त्याच आठवड्यांत राज्यसभेनें नवा कायदा संमत केला, आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. ह्या कायद्यानें अपराधांचे तीन वर्ग केले: किरकोळ, गंभीर आणि घोर. ज्या अपराधास किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो घोर. सोळा ते अठरा वयाच्या मुलानें असा घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तरच त्याला मोठ्यांच्या रीतीनें तपासण्याचा प्रश्न उद्भवतो. सोळांच्या आंतील मुलाच्या बाबतींत तो उद्भवतच नाहीं. कित्येक अपराधांस कमाल शिक्षा मोठी, पण किमान शिक्षा मुळींच सांगितलेली नाहीं. ते घोर वर्गांत मोडत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं म्हटलें आणि पुढच्याच वर्षीं संसदेनें तें कायद्यांत लिहूनही टाकलें. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें सदोष मनुष्यवध हा अशांपैकींच होता. पुण्याच्या त्या प्रकरणासंबंधीं मत देण्यापूर्वीं हा भेद समजून घेतला पाहिजे. लोकांचा संताप किती मोठा, ह्यावर वर्ग ठरत नाहीं.

घोर अपराध असला तरी मुलगा एकदम मोठ्या न्यायालयांत जात नाहीं. बाल न्याय मंडळांत एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांपैकीं एक तरी स्त्री असली पाहिजे. हें मंडळ प्रथम प्राथमिक मूल्यमापन करतें: असा अपराध करण्याची ह्याची शारीरिक व मानसिक कुवत होती काय, परिणाम काय होतील हें ह्याला समजत होतें काय, आणि कोणत्या परिस्थितींत तें घडलें. ह्यांत मानसशास्त्राच्या जाणकाराचें साहाय्य घेतलेंच पाहिजे, जर मंडळांत तसा जाणता सभासद नसेल तर, असें २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें आहे. मग प्रकरण बालन्यायालयाकडे जातें, आणि तेथेंही हाच प्रश्न पुन्हा नव्यानें पाहावा लागतो. सर्व होऊन मुलगा मोठा म्हणून दोषी ठरला, तरीही त्याला फांशी देतां येत नाहीं, कधींच सुटका नाहीं अशी जन्मठेपही देतां येत नाहीं; एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत त्याला तुरुंगांत न ठेवतां सुरक्षित स्थानीं ठेवावें लागतें, आणि मग तो सुधारला आहे किंवा कसें हें पाहून पुढील निर्णय होतो.

मीं शाळेंत पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलें पाहिलीं. ह्या मूल्यमापनाविषयीं माझ्या मनांत एक शंका आहे, ती सांगून टाकतों. सोळा वर्षांच्या मुलास 'दगड मारला तर डोकें फुटेल हें तुला कळतें काय?' असें विचारलें, तर तो 'कळतें' असेंच म्हणेल, आणि तें खरेंही असेल. त्या वयांत उणीव असते ती समजुतीची नव्हे, आवरण्याची. घोडा आहे, पण लगाम अजून हातांत आलेला नाहीं, अशी ती अवस्था. आणि दोन मित्र पाठीशीं उभे राहिले कीं उरलासुरला लगामही सुटतो. ही गोष्ट कित्येक महिन्यांनंतर खुर्चीवर शांत बसवून प्रश्न विचारल्यानें कितपत कळते, हें ज्यानें तें आपल्या मनाशीं ठरवावें.

हें सारें ऐकून वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरें, वयावरच सगळें आहे म्हणतोस. मग तें वय खरें कीं खोटें, हें कोण सांगणार?"

पुतण्या हंसून म्हणाला, "तें काकांना विचार. तें काम शाळामास्तरांचें."

तो सहज बोलला. पण हा प्रश्न माझ्या वर्मीं लागला, आणि आजचें हें टिपण खरें पाहतां त्यासाठींच लिहिलें आहे.

२०१५ च्या कायद्यानें पुराव्याचा क्रम लावून दिला आहे. आधीं शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचें प्रमाणपत्र. तें नसेल तर नगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हीं दोन्हीं नसतील तरच वैद्यकीय तपासणी. कारण हाडांवरून सांगितलेल्या वयांत एक-दोन वर्षांचा फरक पडूं शकतो. म्हणजे ज्या वहीला शाळेंत आम्ही 'जनरल रजिस्टर' म्हणतों, जी मुख्याध्यापकांच्या कपाटांत लाल फडक्यांत बांधलेली असते, तिच्यांतील एका रकान्यावर माणसाचा सारा जन्म तोलला जातो.

हें किती खरें आहे तें पुण्याच्याच एका जुन्या खटल्यानें दाखविलें. ऑगस्ट १९९४ मध्यें पुण्यांत एका घरांतील सात माणसांचे खून झाले. त्यांत एक गर्भवती स्त्री आणि दोन लहान मुलें होतीं. त्या कुटुंबाचें दुःख कोणत्याही युक्तिवादानें कमी होणारें नाहीं. आरोपींपैकीं एकाचें वय खटल्यांत वीस-बावीस लिहिलें गेलें. त्याला फांशीची शिक्षा झाली आणि २००० सालीं ती सर्वोच्च न्यायालयांतही कायम झाली. पुष्कळ वर्षांनीं त्यानें अर्ज केला कीं, मी त्या वेळीं अज्ञान होतों. राजस्थानांतील त्याच्या गांवच्या शाळेच्या नोंदींत जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ निघाली. नांवही किंचित् निराळें होतें. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली गेली, आणि मार्च २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो घटनेच्या वेळीं अवघा साडेबारा वर्षांचा होता असें मान्य करून त्याची सुटका केली. तोंवर तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत होता. मुलांच्या कायद्याप्रमाणें त्याला तीन वर्षेंच ठेवतां आलें असतें. अज्ञान अपराध्याचें नांव छापूं नये असा कायद्याचाच दंडक आहे, म्हणून मीही तें येथें लिहीत नाहीं.

त्याला शाळेच्या वहीनें वांचविलें. आतां मी लिहिलेल्या वहीची गोष्ट सांगतों.

१९८८ चा जून महिना. तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. शाळा उघडण्याच्या दिवशीं पहिलींत नांवें घालण्यासाठीं पडवींत रांग लागली होती. एक मजूर बाई मुलाचा हात धरून पुढें आली. मागें तिचा नवरा. मीं जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, "गुरुजी, तारीख काय ठावं? मुंबईच्या गिरण्या संपानं बंद पडल्या अन् माझा दीर घरला आला, त्या सालचा. पोळ्याच्या आदल्या दिशीं झाला."

वाचकहो, ह्याहून स्वच्छ उत्तर कोणतें हवें? गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्यें सुरू झाला. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. घरीं जुनीं पंचांगें जपून ठेवण्याची आमची रीत. संध्याकाळीं एक पान उलटलें असतें तर तारीख हातीं लागली असती, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यांतील. परंतु पहिलीसाठीं सहा वर्षें पुरीं असलीं पाहिजेत असा आमच्या मुख्याध्यापकांचा कटाक्ष होता. ऑगस्टची तारीख घातली तर मुलाचें एक वर्ष जावयाचें, आणि तें वर्ष तो गुरांमागें घालवावयाचा. एकदां गुरांमागें गेलेला मुलगा पुन्हा शाळेंत येतोच असें नाहीं. मीं दौतीकडे हात नेला आणि लिहिलें: १ जून १९८२. बापानें अर्जावर अंगठा उठविला. त्या दिवशीं मीं अशा किती १ जून लिहिल्या, हें मला आतां आठवत नाहीं. महाराष्ट्रांतील कोणत्याही जुन्या खेडेगांवच्या शाळेची वही उघडा. अर्ध्या गांवाचा जन्म १ जूनला झालेला दिसेल. तो आम्हां शिक्षकांचा हात आहे.

हा मुलगा सातवीपर्यंत शिकला, मग शेतीच्या कामास लागला. जुलै २००० मध्यें शेताच्या बांधावरून दोन घरांची मारामारी झाली आणि एक माणूस मेला. बाप, चुलता आणि हा मुलगा, तिघांवर खुनाचा खटला झाला. त्या वेळीं मुलग्यांची मर्यादा सोळाच होती, म्हणून वयाचा मुद्दाच कोणी काढला नाहीं. २००२ सालीं तिघांनाही जन्मठेप झाली. पुढें कायदा बदलला तें वर सांगितलेंच आहे. २०१० सालीं त्याची आई, केस पांढरे झालेली, मला शोधीत दुसऱ्या गांवीं आली. बरोबर एक तरुण वकील होता. म्हणाली, "गुरुजी, माझा लेक त्या वक्ताला अठराचा नव्हता. तुमी लिवलंय ना?"

मीं लिहिलें होतें. वहीप्रमाणें तो घटनेच्या दिवशीं अठरा वर्षें आणि एक महिन्याचा होता. आईच्या सांगण्याप्रमाणें अठराला महिना उणा होता. वहींत खरी तारीख असती तर तो अज्ञान ठरता. आणि मुलांच्या कायद्यांतील तीन वर्षांच्या जागीं त्यानें दहा वर्षें अगोदरच भोगलीं असल्यामुळें त्याच दिवशीं सुटता.

मी न्यायालयांत साक्षीस उभा राहिलों. शपथेवर सांगितलें कीं, ही तारीख मीं सोयीची म्हणून घातली. आईनें पोळ्याच्या आदल्या दिवसाचें नांव घेतलें होतें. सरकारी वकिलांनीं अगदीं सौम्यपणें विचारलें, "गुरुजी, म्हणजे १९८८ सालीं आपण सरकारी वहींत खोटें लिहिलें. मग आज खरें बोलत आहां, हें आम्हीं कशावरून मानावें? आपल्या लेखणीवर विश्वास ठेवावा कीं जिभेवर?" मला उत्तर सुचलें नाहीं. ग्रामपंचायतीच्या वहींत त्या मुलाच्या जन्माची नोंदच नव्हती. अर्ज फेटाळला गेला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा होता कीं, अपराध घडण्याच्या बारा वर्षें आधीं, खटल्याची कोणास कल्पनाही नसतांना, कामाच्या ओघांत झालेली नोंद हीच सर्वांत विश्वसनीय.

मी त्यांना दोष देत नाहीं. त्यांचें म्हणणें न्यायाला धरूनच होतें. खटला उभा राहिल्यावर सांगितलेलें वय न्यायालयानें मानावयाचें ठरविलें, तर कोणताही आरोपी उद्यां सतरा वर्षांचा होईल. वहीवरील कायद्याचा विश्वास तिच्या निर्हेतुकपणावर उभा आहे. परंतु निर्हेतुक म्हणजे बिनचूक नव्हे, ही गोष्ट ती वही लिहिणाऱ्यासच ठाऊक असते. मुलाचें वर्ष वांचवावें म्हणून मीं जे अडीच महिने पुढें ढकलले, तेच त्याच्या आयुष्यांतून वर्षानुवर्षें घेऊन गेले. बाप तुरुंगांतच वारला. मुलगा २०१५ मध्यें सुटला. त्यानें मला कधीं शब्द लावला नाहीं. भेटला कीं अजून वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेणें मला फार जड जातें.

वहिनींना मीं हें त्या रात्रीं प्रथमच सांगितलें. त्या म्हणाल्या, "मेलेल्याच्या घरीं काय झालें, भाऊजी?" प्रश्न योग्यच होता. त्याही घरीं एक विधवा आणि दोन मुलें मागें राहिलीं. तीं मुलेंही माझ्याच शाळेंत होतीं. मुलगा सुटता तर त्या बाईला काय वाटतें, ह्याचें उत्तर मजजवळ नाहीं. अपराध करणाऱ्यास दंड होऊं नये, असें माझें म्हणणें नव्हे. दंड त्याच्या खऱ्या वयाच्या मापानें व्हावा, आणि तें माप दुसऱ्या कोणाच्या चुकीनें बदलूं नये, एवढेंच म्हणणें आहे. रेघ अठरावर ओढा कीं सोळावर. पण एकदां ओढल्यावर रेघेच्या कोणत्या बाजूस कोण उभा आहे, हें तरी खरें असलें पाहिजे.

आपल्या घरांत मूल जन्मतें तेव्हां घड्याळाकडे पाहणारें कोणी तरी उभें असतें. घटका-पळांसह जन्मवेळ टिपली जाते, बाराव्या दिवसाच्या आंत पत्रिकेचें टिपण तयार होतें. ग्रह कोणत्या घरीं होते हें आपणांस साठ वर्षांनींही सांगतां येतें. त्या बाईच्या घरीं वेळ टिपणारें कोणी नव्हतें. तिच्यापाशीं होता एक संप आणि एक सण, आणि तोही मीं ऐकून न ऐकल्यासारखा केला. ज्याच्याजवळ पत्रिका, त्याच्याजवळ दाखला. आणि ज्याला एखाद्या दिवशीं दाखल्यावांचून तरणोपाय नसतो, नेमकी त्याचीच तारीख अंदाजाची, हा अन्याय कोणत्याही न्यायालयाच्या निकालपत्रांत लिहिलेला सांपडणार नाहीं.

म्हणून शेवटीं एक साधें काम सांगतों. १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावयाची असते. उशीर झाला तरी ती करतां येते, मात्र वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्यांच्या आज्ञेची खटपट वाढते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशास जन्मदाखला हाच पुरावा झाला आहे. ही फार चांगली गोष्ट घडली, कारण आतां तारीख मास्तरांच्या दौतींतून निघणार नाहीं. परंतु त्यापूर्वीं जन्मलेलीं, आज शाळेंत बसलेलीं मुलें पुष्कळ आहेत. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, माळी, दूध घालणारा गवळी, ह्यांच्या मुलांच्या जन्माची नोंद आहे काय, आणि शाळेच्या वहींतील तारीख तिच्याशीं जुळते काय, एवढें एकदां विचारावें. जुळत नसेल तर तें मूल शाळेंत असतांनाच दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यावा. अर्ज लिहितां येणें ही आपल्या घरांतील विद्या आहे. ती दुसऱ्याच्या घरीं उपयोगी पडूं द्यावी.

लहानाचें प्रायश्चित्त मोठ्यानें आचरावें, असें शास्त्रकारांनीं सांगितल्याचें आरंभीं म्हटलें होतें. माझ्यापुरतें तें चालू आहे: दर जून महिन्यांत मी जवळच्या शाळेच्या पडवींत एक खुर्ची टाकून बसतों आणि ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचे अर्ज लिहून देतों. गतवर्षीं एका बाईस मुलाची जन्मतारीख विचारली, तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, लिवा कायबी." मीं लेखणी खालीं ठेवली आणि म्हटलें, "बाई, कांहींतरी नको. बसा, आठवूं आपण."